गुप्त मतदानात वंश कसा मोजतात?

२००८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामांना कृष्णवर्णीयांची ९५ टक्के आणि गोऱ्यांची ४३ टक्के मतं मिळाली. हे आकडे तुम्ही कुठे ना कुठे वाचले असतील. पण मतदान तर गुप्त असतं, मतपत्रिकेवर कुणाचा वंश छापलेला नसतो. मग हे कळलं कसं?

हे आकडे एक्झिट पोलचे आहेत. निवडक केंद्रांबाहेर लोकांना विचारून काढलेला अंदाज, मोजणी नव्हे. नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, लुइझियाना अशा काही राज्यांत मतदार नोंदणीतच वंश लिहिला जातो. त्यामुळे कोणत्या गटाचे किती लोक मतदानाला आले हे तिथे बऱ्यापैकी नेमकं कळतं. आत जाऊन मत कुणाला दिलं, ते मात्र नाही.

दुसरा मार्ग म्हणजे केंद्रनिहाय निकाल त्या वस्तीच्या वांशिक रचनेशी ताडून पाहायचा. ऐकायला सोपं आहे, पण इथेच सापळा आहे. विल्यम रॉबिन्सनने १९५० मध्ये १९३० च्या जनगणनेचे आकडे घेऊन दाखवलं की, राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध -०.५३ येतो. म्हणजे स्थलांतरित जास्त तिथे निरक्षरता कमी! व्यक्तींच्या पातळीवर तोच आकडा +०.१२. चिन्हच उलटं. कारण साधं होतं : बाहेरून आलेले लोक जिथे स्थायिक झाले, त्या राज्यांतले स्थानिक आधीच जास्त साक्षर होते. याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. (सिनॉप्सिसमध्ये 'जिल्हानिहाय डेटावरून व्यक्तींचं वर्तन' असं काही लिहिणार असाल तर इथे जरा थांबा.)

मग अशा डेटातून काहीच निघत नाही का? निघतं. एक काल्पनिक केंद्र घ्या. १००० मतदार, त्यातले ४०० कृष्णवर्णीय, ६०० गोरे. 'अ' उमेदवाराला ७०० मतं. सगळ्या ६०० गोऱ्यांनी 'अ'लाच मत दिलं असं धरलं, तरी उरलेली १०० मतं कृष्णवर्णीयांचीच असणार. म्हणजे त्यांच्यापैकी किमान १०० आणि जास्तीत जास्त ४०० जणांनी 'अ'ला मत दिलं : २५ ते १०० टक्के. एवढ्या रुंद पट्ट्याचा उपयोग शून्य.

आता दुसरं केंद्र : ९०० कृष्णवर्णीय, १०० गोरे, 'अ'ला ८८०. तीच वजाबाकी करा. किमान ७८०, जास्तीत जास्त ८८०, म्हणजे साधारण ८७ ते ९८ टक्के. एकही गृहीतक न धरता! पण याच केंद्रातल्या गोऱ्यांबद्दल विचाराल, तर उत्तर शून्य ते शंभर टक्के.

ही सीमांची पद्धत डंकन आणि डेव्हिस यांनी १९५३ मध्ये मांडली. त्याच वर्षी लिओ गुडमनने रिग्रेशनचा मार्ग सुचवला. एखादा गट सगळीकडे सारखंच वागतो असं धरायचं आणि रेषा ओढायची. ते धरणं चुकलं की कधीकधी उत्तर १०० टक्क्यांच्या वर जातं! गॅरी किंगने १९९७ मध्ये दोन्ही पद्धतींची सांगड घातली. हा नुसता कागदावरचा खेळ नाही. १९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स खटल्यापासून मतदान वंशानुसार विभागलेलं आहे का, हे न्यायालयात याच पद्धतींनी दाखवलं जातं आणि त्यावर मतदारसंघांच्या सीमा ठरतात.

आपल्याकडे फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात, पण केंद्रनिहाय जातींची रचना नसते. तरी निकालाच्या संध्याकाळी 'अमुक समाजाने तमुकला मत दिलं' हे ठामपणे सांगितलं जातंच!

बरं, कोणी कुणाला मत दिलं हे कळलं असं समजू. ते वंशामुळे दिलं का, हा वेगळाच प्रश्न. २००४ मध्ये जॉन केरी या गोऱ्या डेमोक्रॅट उमेदवाराला एक्झिट पोलनुसार कृष्णवर्णीयांची ८८ टक्के मतं होती. म्हणजे ९५ मधला मोठा भाग पक्षनिष्ठेचा. गोऱ्यांमध्ये केरीला ४१, ओबामांना ४३. मग वर्णद्वेषाचा फटका बसलाच नाही? तसंही म्हणता येत नाही. २००८ साली आर्थिक संकट होतं, बुश यांच्यावर नाराजी होती. गोरा डेमोक्रॅट असता तर त्याला किती मिळाली असती, याच्याशी तुलना हवी.

सर्वेक्षणात 'तुम्ही वर्णद्वेषी आहात का' असं विचारून कोण खरं सांगणार? सेथ स्टिफन्स-डेव्हिडोविट्झने २०१४ च्या शोधनिबंधात गूगलचा आधार घेतला. कोणत्या भागात वर्णद्वेषी शिवी जास्त शोधली जाते ते पाहिलं आणि तिथे ओबामांची मतं केरीच्या तुलनेत किती मागे पडली हे तपासलं. अंदाज आला सुमारे ४ टक्के-बिंदूंच्या नुकसानीचा. एकाच भागाची त्याच भागाशी तुलना केल्यामुळे त्या भागाची न बदलणारी वैशिष्ट्यं हिशोबातून गळून पडतात. मला ही रचना फार आवडते. पण रॉबिन्सनला घेऊन पुन्हा वाचा : डेटा भागांचा आहे. ती शिवी शोधणारा आणि ओबामांना मत न देणारा एकच माणूस होता का, हे यातून दिसत नाही.