धुके आणि कॅमेरा

गेल्या पौषातील एका रविवारी आमच्या शाळेच्या छायाचित्रण मंडळाची सहल करमळीच्या तळ्यावर गेली होती. पहाटे साडेसहाच्या सुमारास आम्ही तळ्याच्या काठी उतरलो, तेव्हा तळे जागेवर नव्हते. समोर एक पांढरी भिंत तेवढी उभी होती. अडई, तलवार बदक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी अशी नावे पाठ करून, अंथरुणातून लवकर उठून आलेली मुले हिरमुसली. ‘सर, सगळे धुकेच आहे, फोटो कसले काढायचे?’ असे एकाने विचारले. आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही, कारण आमच्याही मनात तोच प्रश्न होता. परत जाणारी बस नऊ वाजता होती. तेव्हा ‘धुक्याचेच फोटो काढा’ असे काहीशा नाइलाजाने सांगून आम्ही मोकळे झालो. मंडळाजवळ एक जुना कॅमेरा होता आणि पालकांकडून मागून आणलेले चार मोबाईल. एवढ्या सामग्रीवर त्या सकाळी जे हाती लागले आणि जे हातचे गेले, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

प्रथम धुके म्हणजे काय ते पाहू. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि रात्री मोठ्या असतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते. ढगांचे पांघरूण नसल्यामुळे ती उष्णता परत येत नाही. जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, आणि थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी असल्यामुळे जास्तीचे बाष्प हवेतील सूक्ष्म कणांभोवती गोठून त्याचे थेंब होतात. वारा जोराचा असेल तर वरची कोरडी हवा खाली मिसळते व धुके जमत नाही; अगदी मंद झुळूक असेल तर ते चांगले जमते. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत सखल जागी साचते. म्हणून डोंगरावरचा वाडा उन्हात आणि खालची खाजने व कुळागरे धुक्यात, असे दृश्य आपल्याकडे नेहमी दिसते. तळ्यावर आणखी एक गोष्ट घडते. पाणी जमिनीइतके लवकर निवत नाही. त्या कोमट पाण्यावर थंड हवा आली की चहाच्या पेल्यावर उठावी तशी वाफ उठते. करमळीला पाण्याच्या पृष्ठभागावर ज्या पांढऱ्या शेंड्या हलत होत्या, त्या याच.

धुक्याचा एक थेंब साधारणपणे मिलिमीटरचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग एवढा असतो. आपल्या केसाची जाडीही त्याहून कितीतरी अधिक. असला थेंब सेकंदाला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वेगाने खाली येतो, म्हणून धुके तरंगत असल्याचा भास होतो. आणि त्यात पाणी तरी किती? आपल्या एका वर्गाएवढ्या जागेतील साध्या धुक्याचे सगळे थेंब गोळा केले, तर चहाचे तीनचार चमचे भरतील. एवढ्याशा पाण्याने एक अख्खे तळे आमच्यापासून लपवून ठेवले होते! हवामानशास्त्रज्ञ मात्र शब्द काटेकोरपणे वापरतात. एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले तरच त्याला ते धुके म्हणतात. त्याहून दूरचे दिसत असेल तर ते नुसते विरळ धुके. हे थेंब प्रकाशातील सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते.

आता छायाचित्रणाकडे वळू. मुलांनी काढलेले पहिले दहापंधरा फोटो पाहून आमचीच निराशा झाली. डोळ्यांना शुभ्र दिसणारे धुके फोटोत राखेसारखे मळकट आले होते. यात मुलांचा दोष नव्हता. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हा एक ठराविक बुद्धीचा कारकून आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार, असे तो गृहीत धरतो. सगळीकडे पांढरेच पांढरे दिसले की ‘प्रकाश फार झाला’ असे समजून तो प्रकाश कमी करतो, आणि धुक्याची राख होते. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात प्रकाशाचे प्रमाण एका टप्प्याने, प्रसंगी दीड टप्प्याने, वाढवावे. मोबाईलवर पडद्यास बोट लावले असता बहुतेक ठिकाणी सूर्याचे लहानसे चिन्ह उमटते. ते वर सरकवावे. एवढे केल्यावर धुके पुन्हा धुक्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या एका मुलाने मोबाईलचा झोत लावून पाहिला, तेव्हा चित्रात पांढऱ्या ठिपक्यांखेरीज काही उरले नाही. झोताचा प्रकाश जवळच्याच थेंबांवर आपटून परत येतो. गाडीचे दिवे धुक्यात वर न रोखता खाली ठेवावेत, असे जाणते चालक सांगतात, त्याचेही कारण हेच.

खरा लाभ पुढे आहे. एरवी करमळीचे फोटो काढावयाचे म्हटले की त्यांत सगळेच येते: विजेचे खांब, तारा, पलीकडची घरे, कडेने जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग. काय पाहावे हे कळत नाही. धुक्याने यांतील बहुतेक पुसून टाकले होते. जवळचा माड काळा, त्याच्या मागचा करडा, त्याच्याही मागचा केवळ एक सावली, आणि पुढे काहीच नाही. कागदासारख्या सपाट चित्रात दूरजवळचा भेद दाखविणे ही चित्रकाराची जुनी अडचण. धुके ती आपोआप सोडविते. एका मुलीने काठावरची रिकामी होडी टिपली. होडीचे एक टोक स्वच्छ, तर दुसरे धुक्यात विरघळलेले. हा फोटो आमच्या मते त्या दिवसातील सर्वांत चांगला. ऊन किंचित फुटल्यावर मात्र सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. गवतावरील कोळ्यांची जाळी, जी एरवी दिसतही नाहीत, ती तेव्हा दहिवराच्या थेंबांनी एकेक दोरा मोजता यावा इतकी उजळतात. आठ वाजून गेल्यावर धुके वर उचलले गेले, आणि पाणकोंबड्या आमच्यापासून वीस पावलांवर निवांत चरत असलेल्या दिसल्या! त्या सर्व वेळ तेथेच होत्या.

आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. कॅमेरा तिकाटण्यावर लावून, भिंग आकाशाकडे उघडे ठेवून आम्ही अर्धा तास मुलांबरोबर फिरत राहिलो. जमीन जशी आकाशाकडे उष्णता टाकून निवते, तसेच भिंगही निवते. परत येऊन पाहतो तो त्यावर दहिवर साचलेले. घाईने खिशातील रुमालाने पुसले, आणि आता त्या भिंगावर दोन बारीक ओरखडे कायमचे आहेत. भिंगाला टोपण लावावे, व पुसावयाचेच तर स्वच्छ मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावे.

धुक्याच्या मागे लागणारे आम्ही पहिले नव्हेत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९९ ते १९०१ या काळात हिवाळ्यात लंडनला जाऊन राहत असे. थेम्स नदीवरील पूल आणि पार्लमेंटची इमारत धुक्यात कशी दिसते हे त्याने कितीतरी चित्रांत रंगविले. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर बर्फाच्या वादळात तीन तास उभे राहून एका घोडागाडीचा फोटो मिळविला. लोक ज्या हवेला कंटाळून घरात बसतात, तीच हवा या मंडळींनी निवडली.

परंतु मोनेला ज्या धुक्याने मोहविले, त्यात कोळशाचा धूर मिसळलेला होता. १९५२ च्या डिसेंबरात तसल्याच धुरक्याने लंडन पाच दिवस कोंडले गेले आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. ग्वाल्हेरकडील आमच्या मराठी बांधवांना पौषमाघातील कोहरा चांगला ठाऊक आहे. तिकडे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, आणि सिग्नल जवळ आल्याचे चालकास कळावे म्हणून रुळांवर फटाके ठेवण्याची रीत आहे. ज्याला त्या धुक्यातून गाडी हाकावयाची असते, त्याला ‘किती सुंदर!’ असे म्हणण्याची सवड नसते.

याची आठवण आम्हांला एका फोटोने करून दिली. सहलीनंतर प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन धुक्याचा एक फोटो काढून आणावा, असे ठरले होते. सत्तरीहून येणाऱ्या एका मुलीने आंब्याच्या मोहोराचा फोटो आणला. पाठीमागे धुके, पुढे थेंबांनी वाकलेला मोहोर. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. ती मात्र गप्प होती. विचारल्यावर म्हणाली, ‘आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, आंब्याक बरें न्हय.’

आजोबांचे म्हणणे खरे होते. धुके व दमट हवा सतत राहिली की मोहोरावर भुरी पडते. तुडतुडेही वाढतात. ते मोहोरातील रस शोषतात आणि चिकट स्राव सोडतात. त्यावर काळी बुरशी धरते. बागायतदार याला खार पडणे म्हणतात. आम्ही तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मोहोराच्या देठाशी, ज्यांना आम्ही थेंबांच्या सावल्या समजत होतो, ते दोनतीन काळपट ठिपके होते. आजोबांनी ते पाहिले होते, आम्ही नाही.

शाळेच्या प्रदर्शनात कोणता फोटो मध्यभागी लावावा यावर मंडळात बराच वाद झाला. काहींना होडी हवी होती, आणि आमचेही मत तेच होते. शेवटी मुलांनी मोहोर लावला आणि त्याखाली आजोबांचे शब्द कोकणीतच लिहिले. होडी त्याच्या शेजारी, डाव्या बाजूस आहे.