आधी मोजा, मग उचला

पहिल्या वर्षी आम्ही आंजर्ल्याची पुळण तीन तासांत लख्ख केली. गोणी टेंपोत चढल्यावर एका कोळीण मावशींनी विचारलं, “बाई, ह्यात आमचं किती नि पाहुण्यांचं किती?” मला सांगता येईना. तेव्हापासून आम्ही आधी मोजतो. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरनिस आणि कॅथी ओहारा यांनी आंतरराष्ट्रीय किनारा-सफाईची पहिली मोहीम घेतली, तेव्हाही स्वयंसेवकांनी सापडलेल्या वस्तू लिहून ठेवल्या होत्या.

दिवस पंचांग बघून ठरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला. सातला उजाडलेलं असतं, पुळणही रुंद असते. नऊच्या आत आवरायचं.

पट्टा १०० मीटरचा, पाण्यापासून सुरूच्या बनापर्यंत. दोन टोकांना दरवेळी तीच दोन झाडं, नाहीतर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवता येत नाही. अडीच सेंटिमीटरहून लहान तुकडे मोजत नाही. चौघांचा गट: दोघं वेचतात, एक वस्तूचं नाव पुकारतो, एक रेघा ओढतो, चार उभ्या नि पाचवी आडवी. लिहायला मी सहावीतली मुलं घेते. ती कंटाळून सगळं ‘इतर’मध्ये ढकलत नाहीत. इंजेक्शनची सुई दिसली तर मुलांनी फक्त हात वर करायचा. मोठं माणूस चिमट्याने उचलून जाड डब्यात टाकतं. मर्यादावेल ओढायची नाही, वाळू तिनेच धरलेली असते. कासवांच्या घरट्यांच्या दिवसांत दाताळं घरीच.

कागद बोलू लागतो तो असा. कान कोरायच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी त्या सापडतात. पुळणीवर बसून कान कोणी कोरत नाही. संडासात टाकलेली काडी गटारातून खाडीत आणि खाडीतून इथे येते. नुसता झाडू फिरवला असता तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं.

सगळ्यात जास्त रेघा मात्र नायलॉनच्या दोऱ्यांसमोर होत्या. मी कागद आणि थोडे तुकडे घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी दोऱ्यांचे तुकडे तळव्यावर घेऊन टोकं पाहिली. सुरीने कापलेली, सरळ.

“ह्या आमच्याच,” त्या म्हणाल्या. “जाळी सांधतो तिथे एक गोण बांधून द्या.”