फ्लॅटची किंमत: सांगितलेली आणि खरी

सांगितलेली किंमत कानावर पडली की आपला अंदाज तिच्याभोवतीच घुटमळतो. नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात एकच घर वेगवेगळ्या किमती सांगून दाखवले, तेव्हा मुरलेले एजंटही त्या आकड्याकडे ओढले गेले. म्हणून मोजपट्टी आपली हवी. समजा, पुण्यातला फ्लॅट दीड कोटीला आहे. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येनुसार चटईक्षेत्र 750 चौरस फूट, म्हणजे फुटाला 20 हजार. बाल्कनी त्यात धरायची नाही. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-2, म्हणजे दस्तनोंदणीचे उतारे, पाहावेत, तिथे नोंदवलेली किंमत कळते. मग भाडे पाहावे: महिना 35 हजारांतून 5 हजार मेंटेनन्स वजा केला, तर वर्षाला 3 लाख 60 हजार, म्हणजे जेमतेम 2.4 टक्के परतावा.

‘भाव वाढेलच की,’ असे कोणी म्हणेल. पण दीर्घकाळात मोल वाढते ते जमिनीचे. इमारत जुनी होत जाते आणि टॉवरमधल्या एका फ्लॅटच्या वाट्याला जमीन थोडीच येते. हक्काच्या घराचे स्थैर्य भाड्यात मोजता येत नाही, हे मान्य. मात्र त्या स्थैर्यासाठी आपण किती जादा मोजतो आहोत, हे करारावर सही करण्यापूर्वी कळलेच पाहिजे.