माथेरानच्या पायवाटा

रानातून चालण्यास पैसा लागत नाही, म्हणून ते सुख सर्वांचे, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः ज्याचे गुडघे शाबूत, दृष्टी साफ आणि श्वास पुरता, त्याच्याच वाट्यास ते येते. संधिवाताने जखडलेली आजी, काठीने वाट चाचपणारा अंध, चाकांच्या खुर्चीत बसलेला तरुण, कडेवर मूल घेतलेली आई, ही मंडळी रानाच्या तोंडाशीच थबकतात. त्यांना रान अडवीत नाही, वाट अडवते. आणि वाट माणसाने केलेली असल्यामुळे ती सुधारणेही माणसाच्याच हाती आहे. ती सुधारावयाची कशी, हे समजून घेण्यास माथेरानसारखे दुसरे ठिकाण आपल्या आसपास क्वचितच सापडेल.

समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीचे हे पठार. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते पाहिले आणि पुढे तेथे गाव वसले. 2003 साली केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी अशी निकडीची वाहने सोडल्यास गावात मोटारीस मज्जाव आहे. नेरळहून वर येणारी गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे बाजारपेठ गाठावयाची तर अडीच-तीन किलोमीटरची वाट. इतरत्र चालणे ही हौस असते, येथे तो रोजचा व्यवहार आहे. साहजिकच येथील वाट बिघडली, तर पाहुण्याची सहल बिघडते आणि रहिवाशाचे जिणे अडते.

या पठारावर इतके दाट रान आणि वर तळे कसे, असा प्रश्न नवख्याला पडतो. माथ्यावर जांभा दगडाचा थर आहे आणि त्याखाली सह्याद्रीचा काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी पितो, ते खालच्या घट्ट दगडावर अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. या ओलाव्यावर जांभूळ, अंजन, हिरडा यांची सदाहरित सावली पोसली जाते. पठारावरचेच पाणी बांध घालून अडविले, त्याचे शार्लोट तळे झाले. हे पाणी गावाच्या पिण्याचे. म्हणून काठावर बसावे, पाण्यात उतरू नये. जवळच ग्रामदैवत पिसरनाथाचे मंदिर आहे. बाजारपेठेपासून येथवर रमतगमत चालत येता येते, आणि वाटेचा बराचसा भाग झाडांच्या छायेतून जातो.

आता वाटेकडे वळू. पहिली गोष्ट चढाची. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे 1907 साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ती बांधविली. डोंगर सरळ चढण्याऐवजी तिने सुमारे वीस किलोमीटर वळणे घेतली, कारण रुळांचा चढ वीस फुटांस एक फूट याच्या आसपास राखावयाचा होता. नवलाची गोष्ट अशी की, चाकांच्या खुर्चीसाठीही आज हेच प्रमाण मानतात. वीसास एक इतका चढ खुर्चीतला माणूस पुष्कळदा स्वतःच्या हातांनी चढतो. बारास एक हा चढ उताराच्या छोट्या पट्टीपुरता चालतो. त्यापुढे मागून ढकलणारा लागतो. इंजिनाला दमवणारा चढ माणसालाही दमवतो, आणि दोघांवरही उपाय एकच : वाट लांबवावी, वळणे द्यावीत.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. तांबडी माती उन्हाळ्यात भुगा होते, पावसाळ्यात वाहून जाते. तीवर घोड्यांच्या टापा आणि हजारो पावले पडली की मुळे उघडी पडतात, आणि त्याच मुळांना ठेचकाळून वृद्ध माणसे पडतात. म्हणून फरशीचे ठोकळे बसविण्याचा उपाय पुढे आला. त्यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चाकाला ठोकळे सोयीचे. पण त्यांवर घोडे घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार, आणि रानाचे रानपण हरपेल, ही वृक्षप्रेमींची चिंता. तिन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या मते, गावात येण्याच्या मुख्य रस्त्याला जो न्याय, तो रानातल्या वाटेला लावू नये. रानात मुरूम व जांभ्याची बारीक खडी चांगली दाबून बसविली, तर चाक रुतत नाही आणि मातीचा स्पर्शही राहतो.

परंतु तिसरी गोष्ट सांभाळली नाही, तर पहिल्या दोन व्यर्थ. ती म्हणजे पाणी. येथे वर्षाला दोनशे इंचांच्या घरात पाऊस पडतो. वाटेवरून पाणी धावू लागले की एका पावसाळ्यात वाटेचा ओढा होतो. यासाठी वाटेला एका बाजूस किंचित कल द्यावा, पन्नासास एक इतकाच, म्हणजे खुर्ची कलणार नाही. आणि ठराविक अंतरावर पाणी बाजूला काढणाऱ्या दगडी चरी असाव्यात. 2005 च्या जुलैतील अतिवृष्टीने येथील रेल्वेमार्गच वाहून गेला व तो सुमारे दोन वर्षे बंद राहिला. डोंगरावर पाण्याशी तडजोड केल्यावाचून काहीच टिकत नाही, याचा तो धडा होय.

या प्रश्नाला माणुसकीची एक बाजू आहे. ज्याला चालवत नाही तो येथे दीर्घकाळ घोड्यावर किंवा माणसाने ओढावयाच्या हातरिक्षात बसून जात आला. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरविली, सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. विजेवरच्या रिक्षांची चाचणी 2022 च्या अखेरीस सुरू झालेली होती. ओढणाऱ्याची प्रतिष्ठा जपली, हे योग्यच झाले. पण बसणाऱ्यालाही प्रतिष्ठा असते. विजेची रिक्षा त्याला बाजारपेठेपर्यंत नेईल. तळ्याच्या काठी, झाडाखाली, स्वतःच्या गतीने जाण्याचे स्वातंत्र्य त्याला चांगली वाटच देऊ शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करणे हे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा येथे प्रश्न दयेचा उरत नाही.

याचा अर्थ प्रत्येक कड्यापर्यंत सपाट रस्ता न्यावा, असा मुळीच नाही. काही वाटा खडतरच राहू द्याव्यात. रानाचा तो हक्क आहे. मात्र बाजारपेठेपासून तळ्यापर्यंतची एक तरी वाट सर्वांची व्हावी : पाच फूट रुंद, जेणेकरून खुर्चीशेजारून सोबती चालू शकेल; थोड्या-थोड्या अंतरावर पाठ टेकण्यास बाक; काठीला कळेल अशी दगडी कड; आणि आरंभीच एक प्रामाणिक पाटी, जीवर अंतर किती, सर्वांत तीव्र चढ कोठे, पायऱ्या कोठे, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल. ‘सोपी वाट’ एवढेच लिहून भागत नाही. सोपी कोणाला, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यासाठी त्याला आकडे द्यावेत.

येत्या सुटीत आपण माथेरानला जाल, तेव्हा शार्लोट तळ्याची वाट एकदा या नजरेने चालून पाहा. कोठे चाक अडेल, कोठे काठी फसेल, कोठे पाणी साचेल, याची टिपणे ठेवा आणि ती नगरपरिषदेकडे पाठवा. घरातल्या ज्या माणसाला आपण ‘तुम्हांला झेपणार नाही’ म्हणून मागे ठेवून जातो, त्याच्यासाठी एवढे श्रम फार नाहीत.