मुंबईचा पाणीपुरवठा

मुंबईचा पाणीपुरवठा : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील वस्ती, उद्योग व व्यवसाय यांना शुद्ध पाणी पुरविणारी व्यवस्था. भारतातील सर्वांत मोठ्या नागरी पाणीपुरवठा व्यवस्थांपैकी ही एक आहे. सात जलाशयांतून दररोज सु. ३,८५० दशलक्ष लिटर (द. ल. लि.) पाणी शहरात आणले जाते. त्यांपैकी विहार व तुळशी हे दोनच जलाशय शहराच्या हद्दीत आहेत; बाकीचे पाच ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांत शहरापासून सु. १०० ते १७५ किमी. अंतरावर आहेत. महानगरपालिकेचे जल अभियंता खाते ही व्यवस्था चालविते. मुंबईला मोठी नदी नाही आणि भूजल बहुतांशी खारवट किंवा दूषित आहे. त्यामुळे चार महिन्यांत पडणारा पाऊस दूरवर साठवून वर्षभर पुरविणे, हेच या व्यवस्थेचे स्वरूप आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी व तलाव यांवर अवलंबून होते. यांपैकी अनेक तलाव व विहिरी दानशूर व्यक्तींनी बांधलेल्या होत्या. चर्चगेटजवळील १७२५ मधील भिखा बेहराम विहीर समुद्राजवळ असूनही गोड्या पाण्याची म्हणून प्रसिद्ध आहे. फ्रामजी कावसजी बनाजी यांनी मुगभाट येथील आपल्या विहिरींचे पाणी धोबी तलावात आणण्याची सोय केली होती. तथापि वस्ती वाढली, तसे हे साठे अपुरे व अस्वच्छ होत गेले. उन्हाळ्यात तलाव आटत आणि तळाच्या गढूळ पाण्यामुळे पटकीच्या साथी पसरत. १८५० नंतरच्या दशकातील टंचाईत पाणी होड्यांतून व नव्याने सुरू झालेल्या रेल्वेने शहरात आणावे लागले.

या परिस्थितीत हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने साष्टी बेटावरील मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालण्याची योजना मांडली. तीनुसार विहार जलाशय १८६० मध्ये पुरा झाला व नळाने पाणी मुंबईत आले. भारतातील नगरपालिकीय नळपाणीपुरवठ्याचा हा आरंभ मानला जातो. विहारची पातळी कमी असल्याने मलबार टेकडीसारख्या उंच भागांना त्याचे पाणी मिळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी अधिक उंचीवरील तुळशी जलाशय १८७९ मध्ये बांधण्यात आला. तुळशीचा सांडवा विहारमध्ये आणि विहारचा पवईच्या दिशेने वाहतो. टंचाईच्या काळात घाईने बांधलेल्या पवई तलावाचे (१८९१) पाणी मात्र पिण्यास योग्य ठरले नाही. ते पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी वापरले जाते.

साष्टीबाहेरचे पहिले धरण म्हणजे तानसा (१८९२). ठाणे जिल्ह्यातील या दगडी धरणातून पाणी गुरुत्वाने, म्हणजे उदंचनाशिवाय, शहराकडे वाहते. १९१५, १९२५ व १९४८ या वर्षी तानसा योजनेचा विस्तार झाला. पुढे वैतरणा नदीवरील धरणातून १९५७ मध्ये पाणी मिळू लागले; त्याच्या जलाशयाला महानगरपालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांच्या स्मरणार्थ ‘मोडक सागर’ असे नाव देण्यात आले. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा (१९७३), १९८० पासून टप्प्याटप्प्याने भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा या योजना पूर्ण झाल्या. मध्य वैतरणेचे १०२ मी. उंचीचे धरण महानगरपालिकेनेच बांधले असून त्यामुळे दररोज ४५५ द. ल. लि. पाण्याची भर पडली. ऊर्ध्व वैतरणा व भातसा ही धरणे मात्र राज्य शासनाच्या जलसंपदा खात्याची आहेत.

साठा व वार्षिक हिशेब : सातही जलाशयांची उपयुक्त साठवणक्षमता १४,४७,३६३ द. ल. लि. आहे. तीत भातसा ७,१७,०३७, ऊर्ध्व वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३०, तानसा १,४५,०८०, मोडक सागर १,२८,९२५, विहार २७,६९८ व तुळशी ८,०४६ द. ल. लि. असे वाटप आहे. म्हणजे जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा आहे, तर शहराच्या हद्दीतील दोन जलाशयांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास भरतो.

दररोज ३,८५० द. ल. लि. या दराने पूर्ण साठा सु. ३७६ दिवस पुरतो, असे साध्या भागाकाराने दिसते. प्रत्यक्षात बाष्पीभवन, वहनातील गळती आणि ठाणे व भिवंडी परिसराला द्यावा लागणारा हिस्सा विचारात घेता शिल्लक फारशी राहत नाही. म्हणून १ ऑक्टोबर रोजी सर्व जलाशय काठोकाठ भरलेले असणे आवश्यक मानले जाते. पाऊस कमी झाला किंवा लांबला, तर पाणीकपात अपरिहार्य होते. २००९ मध्ये पावसाने ओढ दिल्यावर मोठी कपात करावी लागली; २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के कपात लागू झाली. जलाशयांतील दैनंदिन साठ्याचे आकडे मुंबईची वृत्तपत्रे पावसाळ्यात नेमाने छापतात, ते यामुळेच.

वहन : ऊर्ध्व वैतरणेचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून वीजनिर्मितीनंतर नदीपात्रातून मोडक सागरात उतरते, मध्य वैतरणेचे पाणीही तेथेच येते. मोडक सागर व तानसा येथून ते मोठ्या व्यासाच्या पोलादी नळांतून व बोगद्यांतून गुरुत्वाने भांडुपकडे येते. भातसाचे पाणी नदीत सोडून पिसे येथील बंधाऱ्याजवळ उचलले जाते, पंपांनी पांजरापूर येथे नेऊन शुद्ध केले जाते व पुढे शहराकडे वाहते. गुरुत्वावर चालणाऱ्या योजनेस वीज लागत नाही आणि तिचा चालू खर्चही कमी असतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या व नंतरच्या अभियंत्यांनी दूरच्या पण उंच जागा पसंत केल्या, त्याचे हे मुख्य कारण होय.

जमिनीवरील जुने नळ गंजतात, त्यांना गळती लागते आणि त्यांच्या कडेला वस्ती उभी राहिल्याने दुरुस्ती कठीण होते. म्हणून अलीकडे कठीण खडकातील खोल बोगद्यांवर भर आहे. गुंदवली ते भांडुप हा सु. १५ किमी. लांबीचा बोगदा त्यांपैकी एक आहे. बोगदेही पूर्ण निर्धोक नसतात : ठाण्यात विंधनविहीर खोदताना या मार्गातील बोगद्यास छिद्र पडले व दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर शहरात १५ टक्के पाणीकपात करावी लागली. भूमिगत बोगद्याचा मार्ग वर राहणाऱ्यांना ठाऊक नसतो. खोदकामाची परवानगी देताना सर्व यंत्रणांनी त्याची नोंद ठेवणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

शुद्धीकरण : भांडुप येथील शुद्धीकरण केंद्र हे आशियातील मोठ्या केंद्रांपैकी एक असून मूळच्या १,९१० द. ल. लि. क्षमतेच्या केंद्रास पुढे ९०० द. ल. लि. क्षमतेच्या नव्या केंद्राची जोड मिळाली. शुद्धीकरणाचे मुख्य टप्पे चार आहेत. (१) किलाटन : पाण्यात तरंगणारे मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युत् भारामुळे एकमेकांपासून दूर राहतात व आपोआप खाली बसत नाहीत. तुरटी किंवा बहु-ॲल्युमिनियम क्लोराइड मिसळले असता हा भार नाहीसा होतो व कण एकत्र येऊन पुंजके बनतात. (२) निःसादन : हे पुंजके मोठ्या टाक्यांत तळाशी बसतात. (३) गालन : राहिलेला गाळ वाळूच्या थरातून जाताना अडतो, थर तुंबला की उलट दिशेने पाणी व हवा सोडून तो धुतला जातो. (४) निर्जंतुकीकरण : शेवटी क्लोरीन मिसळून रोगजंतूंचा नाश केला जातो.

पावसाळ्याच्या आरंभी नद्यांचा गढूळपणा एकदम वाढतो आणि किलाटकाची मात्रा दिवसातून अनेकदा बदलावी लागते. पाणी केवळ स्वच्छ दिसणे पुरेसे नसते. गढूळ कणांच्या आडोशाला जंतू क्लोरिनापासून वाचतात. म्हणून गालन नीट झाल्याशिवाय क्लोरिनीकरण परिणामकारक होत नाही. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुप संकुलात शिरून विद्युत् व उदंचन यंत्रणा बंद पडली. शहराच्या मोठ्या भागातील पुरवठा विस्कळीत झाला आणि नागरिकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. मुसळधार पाऊस पडत असताना नळ कोरडे पडावेत, हा विरोधाभास केंद्रीकरणाचा धोका स्पष्ट करतो.

वितरण : शुद्ध पाणी भांडुपच्या उंचावरील प्रधान समतोल जलाशयातून व अन्य मार्गांनी शहरभरच्या सु. २७ सेवा जलाशयांत जाते. मलबार टेकडी व माझगावचा भंडारवाडा येथील जलाशय एकोणिसाव्या शतकातील आहेत. फिरोजशहा मेहता उद्यान (हँगिंग गार्डन) हे मलबार टेकडीच्या जलाशयाच्या छतावरच वसविलेले आहे. या जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आला, तेव्हा २०२३ मध्ये वृक्षतोडीच्या कारणावरून नागरिकांनी त्यास विरोध केला.

सेवा जलाशयातून प्रत्येक विभागाला ठराविक वेळीच पाणी सोडले जाते. झडपा उघडण्याचे व बंद करण्याचे काम करणाऱ्या कामगारांस ‘चावीवाले’ म्हणतात. नळांच्या जाळ्याचे आराखडे कागदावर असले, तरी कोणती चावी किती फेरे फिरविल्यास कोणत्या गल्लीच्या टोकाला पाणी पोहोचते, हे ज्ञान पुष्कळदा या कामगारांपाशीच असते. खंडित पुरवठ्यामुळे इमारतींना जमिनीखालची व गच्चीवरची अशा दोन टाक्या ठेवाव्या लागतात. चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग वांद्रे (पश्चिम) व मुलुंड (पश्चिम) येथे हाती घेण्यात आला.

पाण्याचे रक्षण : रक्षणाचा आरंभ पाणलोट क्षेत्रापासून होतो. विहार व तुळशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वनात असून तानसाभोवती अभयारण्य आहे. वन टिकले, तर धूप कमी होते, गाळ कमी साचतो व सांडपाणी जलाशयात येत नाही. शहराला नको असलेली मोकळी जागा म्हणून नव्हे, तर पाण्याचे पहिले गाळणे म्हणून या वनांकडे पाहिले पाहिजे.

खरा धोका मात्र शुद्धीकरणानंतर सुरू होतो. पुरवठ्याच्या वेळी नळातील दाबामुळे पाणी फटीतून बाहेर जाते. पुरवठा बंद झाल्यावर दाब उतरतो आणि त्याच फटीतून भोवतालचे सांडपाणी आत ओढले जाते. जोडनळ्या गटारांतून किंवा मोऱ्यांलगत गेलेल्या असल्यास दूषण हमखास होते. पुरवठ्याच्या आरंभी येणारे पाणी गढूळ असण्याचे हेच कारण असते. कावीळ, विषमज्वर व जठरांत्रशोथ या रोगांच्या स्थानिक साथींचे मूळ पुष्कळदा अशा एखाद्या फुटक्या जोडनळीत सापडते. यावर उपाय म्हणून पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवला जातो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी तो दर लिटरला किमान ०.२ मिग्रॅ. असावा. विभागवार नमुने घेऊन दादर येथील महानगरपालिकेच्या प्रयोगशाळेत तपासले जातात व १०० मिलि. नमुन्यात विष्ठाजन्य एश्चेरिकिया कोलाय हा सूक्ष्मजंतू आढळल्यास पाणी अयोग्य ठरते.

साठविलेल्या पाण्याचा दुसरा धोका डासांचा आहे. हिवतापाचा प्रसार करणारा ॲनॉफेलीस स्टीफेन्साय हा डास स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मधील अहवालात मुंबईतील हिवतापाचा संबंध विहिरींशी जोडल्यानंतर अनेक विहिरी बुजविण्यात किंवा झाकण्यात आल्या. आज तीच जागा गच्चीवरील उघड्या टाक्यांनी घेतली आहे. टाकीचे घट्ट झाकण हा आरोग्यरक्षणाचा अगदी स्वस्त उपाय होय.

विषमता व पुढील प्रश्न : पुरविलेल्या पाण्यापैकी एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश पाणी गळती, चोरी व सदोष मापन यांत हिशेबाबाहेर जाते, असे विविध अंदाज आहेत. उरलेल्याचे वाटपही समान नाही. शासकीय मार्गदर्शिकेत महानगरांतील घरगुती जोडणीसाठी दरडोई दररोज १५० लि., तर सार्वजनिक नळासाठी ४० लि. पाणी गृहीत धरलेले आहे. ठराविक तारखेनंतरच्या झोपड्यांना अधिकृत जोडणी दीर्घकाळ नाकारली गेली आणि तेथील रहिवाशांना पाणी विकत घ्यावे लागले. पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत असून वस्ती अनधिकृत असली, तरी पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी दिला. त्यानंतर २०२२ मध्ये महानगरपालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण स्वीकारले.

विषमतेची दुसरी बाजू शहराबाहेर आहे. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला बहुतांश पाणी मिळते, तेथील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. धरण उशाला असूनही घसा कोरडा, ही तेथील जुनी तक्रार आहे. गारगाई नदीवरील ४४० द. ल. लि. क्षमतेच्या नियोजित धरणामुळे वनाचा मोठा भाग व काही गावे बुडणार असल्याने तोही वादाचा विषय ठरला आहे. मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याची २०० द. ल. लि. क्षमतेची योजना आखलेली आहे. मात्र तीस वीज मोठ्या प्रमाणावर लागेल. गळती आटोक्यात आणणे, पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे आणि छतावरील पावसाचे पाणी साठविणे हे उपाय नव्या धरणाइतके नजरेत भरणारे नाहीत. तथापि त्यांनी वाचलेल्या पाण्यासाठी कोणतेही गाव बुडवावे लागत नाही.