ट्रॅक्टरची दाबनळी : बिघाड आणि बदल

द्राक्षांच्या मांडवाखाली किंवा संत्र्यांच्या दोन ओळींमध्ये मोठा ट्रॅक्टर सहज वळत नाही. म्हणून नाशिक, सांगली, नागपूर या भागांतील पुष्कळ बागाईतदार लहान ट्रॅक्टर वापरतात. सुमारे १५ ते ३० अश्वशक्तीचे हे यंत्र ठेंगणे असले, तरी मागे जोडलेले जड अवजार ते तरफेच्या एका हालचालीसरशी वर उचलते. उचलण्याचे हे बळ पंपापासून अवजारापर्यंत तेलाच्या द्वारे पोचते. ते तेल वाहून नेणारी नळी फार तर अंगठ्याएवढी जाड असते. ती फुटली, की सारी उचल बंद पडते.

नळी बदलणे हे काम वरवर पाहता सोपे आहे. दोन जोड सोडवावयाचे, जुनी नळी काढावयाची आणि नवी बसवावयाची. तथापि हेच काम घाईने केले, तर हात गमावण्याची वेळ येऊ शकते. यास्तव नळीच्या आत काय चाललेले असते, हे आधी समजून घेणे इष्ट होय.

दाबाचे गणित

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. हा नियम ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे एकस्व मिळविले. ट्रॅक्टरची उचल त्याच तत्त्वावर चालते.

समजा, उचलीच्या सिलिंडरमधील दट्ट्याचा व्यास ८ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होईल. पंपाने तेलाला दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम इतका दाब दिला, तर दट्ट्यावर सुमारे ७,५०० किलोग्रॅम भाराइतके बळ पडेल. अवजाराच्या टोकाशी याचा काही अंशच मिळतो. कारण दट्ट्या थोडासा सरकतो आणि अवजार पुष्कळ वर जाते. पण नळीच्या भिंतीला दाबात अशी सवलत नाही. पंपाजवळ जो दाब, तोच तिच्या प्रत्येक बिंदूवर असतो.

म्हणूनच ही नळी साध्या रबराची नसते. आत तेलाला टिकणारे कृत्रिम रबर, त्यावर पोलादी तारेचे एक किंवा दोन विणीव थर आणि बाहेर संरक्षक आवरण, अशी तिची घडण असते. दाब सोसण्याचे काम मुख्यतः तारेचे. बाहेरचे आवरण घासून तार उघडी पडली, तर ती गंजते. एक एक तार तुटत जाते आणि शेवटी नळी फुटते.

न दिसणारी धार

मोठी गळती डोळ्यांना दिसते. खरा धोका सुईच्या टोकाएवढ्या छिद्राचा असतो. त्यातून निघणारी तेलाची धार इतकी बारीक व वेगवान असते, की ती पुष्कळदा दिसतच नाही. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम दाबही त्वचा भेदण्यास पुरेसा ठरू शकतो. ट्रॅक्टरमधील दाब त्याच्या कितीतरी पट असतो. गळती शोधण्यासाठी नळीवरून बोटे फिरविणाऱ्याच्या हातात हे तेल पिचकारीसारखे शिरते.

अशी जखम प्रथम फसवी असते. एक लहानसा ठिपका दिसतो आणि वेदनाही फारशी होत नाही. आत मात्र तेल स्नायुबंधांच्या कडेने पसरते, सूज वाढते, रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरू लागतात. अशा दुखापतीला ठिपका लहान म्हणून घरगुती उपाय करीत बसू नये. जखमी मनुष्यास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील तेल शरीरात शिरले आहे, हे वैद्यांना स्पष्ट सांगावे. उपचारास जितका उशीर, तितकी बोट किंवा हात कापावा लागण्याची भीती अधिक.

गळती शोधावयाची, तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा काठीला बांधून नळीजवळ फिरवावा. तेलाचा डाग पुठ्ठ्यावर उमटतो. डोळ्यांवर चष्मा असावाच.

काढणे व बसविणे

प्रथम ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. अवजार जमिनीवर पूर्ण टेकवावे, एंजिन बंद करून किल्ली काढावी, ब्रेक लावून चाकांना अडण द्यावी. मग उचलीची तरफ काही वेळा वरखाली करून नळीत कोंडलेला दाब घालवावा. उचललेल्या अवजाराखाली किंवा ट्रॉलीखाली शिरून कधीही काम करू नये. त्या भाराला तोलून धरणारे तेल नळी सुटताच बाहेर पडते आणि भार खाली येतो.

तेल थंड झाल्यावर जोडांभोवतीची माती पुसून काढावी. ही स्वच्छता केवळ दिसण्यासाठी नव्हे. पंप व झडपा यांतील फटी मिलिमीटरच्या काही सहस्रांशाइतक्या असतात. धुळीचा बारीक कणही तेथे ओरखडे पाडतो. खाली भांडे ठेवून, एका पान्याने जोडाचा स्थिर भाग धरून, दुसऱ्याने नट सावकाश सोडवावा. उघड्या तोंडांना लागलीच स्वच्छ बूच बसवावे.

नवी नळी जुनीच्या शेजारी ठेवून लांबी, आतला व्यास व जोडांचे आटे ताडून पाहावेत. नळीवर छापलेला दाब यंत्राच्या दाबाहून कमी नसावा. सामान्यतः अशी नळी नेमून दिलेल्या दाबाच्या चौपट दाबाला फुटेल अशा बेताने बनवितात. ही चौपट मर्यादा अकस्मात बसणाऱ्या धक्क्यांसाठी राखून ठेवलेली असते. ती वापरावयाची नसते. पाण्याची नळी, तांब्याची नळी किंवा डाग देऊन सांधलेली जुनी नळी येथे उपयोगी नाही.

बसविताना नळीला पीळ पडू देऊ नये. तिच्यावर छापलेली रेघ सरळ राहिली, तर पीळ नाही असे समजावे. दाबाखाली नळीची लांबी किंचित कमीजास्त होते; म्हणून ती ताणून न बसविता थोडी सैल ठेवावी. जोडापाशी एकदम वाकवू नये. नट उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितले असेल तितकाच आवळावा. अति आवळल्याने जोडाची बैठक चिरते.

यानंतर पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे व उचलीचे तेल एकच असते, हे ध्यानात ठेवावे. एंजिन मंद गतीने चालवून, अवजार न जोडता, उचल अनेकदा वरखाली करावी. आत राहिलेली हवा त्यामुळे निघून जाते. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून हवा राहिली, तर उचल हिसके देते. शेवटी तेलाची पातळी पुन्हा पाहावी आणि पुठ्ठ्याने जोड तपासावेत. काढलेले तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

मूळ कारण

एवढे झाले तरी काम संपले असे मानू नये. जुनी नळी कोठे फुटली, हे नीट पाहावे. सांगाड्याला घासून झिजली असेल, तर तेथे पकड बसवावी. धुराड्याच्या उष्णतेने कडक झाली असेल, तर तिचा मार्ग बदलावा. जोडापाशी तुटली असेल, तर वाक तपासावा. कारण तसेच राहिले, तर नवी नळीही थोड्याच दिवसांत त्याच जागी फुटेल. आणि त्या वेळी जवळ कोणाचा हात असेल, हे सांगता येत नाही.