पट्टकदंबाचं येणं आणि जाणं

उजनीचं पाणी उतरू लागलं, की भिगवणच्या काठाला गाळपेराची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर कोवळं गवत धरतं. हिवाळ्यात पट्टकदंबांचे थवे उतरतात ते अशा काठांवर. जायकवाडीलाही ते येतात. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे. म्हणून काही जण त्याला पट्टेरी राजहंसही म्हणतात. त्याची वीण होते मंगोलिया, तिबेटचं पठार, किर्गिझस्तान आणि लडाखमधल्या तळ्यांकाठी. येताना आणि जाताना हिमालय तोच, पण निघण्याची वेळ दोन्ही खेपांना वेगवेगळ्या गोष्टी ठरवतात.

आधी येणं पाहू. मादी अंडी साधारण महिनाभर उबवते. पिल्लं लगेच चालू-पोहू लागतात, पण उडण्याइतके पंख भरायला त्यांना जवळपास दोन महिने लागतात. त्याच उन्हाळ्यात आईबापांची उडायची पिसंही एकदम झडतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे तेही जमिनीला खिळतात. त्यामुळे सगळ्या कुटुंबाचे पंख तयार झाल्यावर आणि तळी गोठण्याच्या आत निघावं लागतं. पिल्लं पहिला प्रवास आईबापांसोबत करतात आणि वाट शिकतात.

परतीचं गणित निराळं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होतो, तसा शरीरात बदल सुरू होतो. दिवसा पाण्यावर विसावणारे हे पक्षी रात्री शेतात चरतात आणि प्रवासासाठी चरबी साठवतात. लवकर पोहोचले, तर तळं अजून गोठलेलं. उशीर झाला, तर पिल्लांना कोवळं गवत मिळत नाही आणि थंडीआधी त्यांचे पंखही भरत नाहीत. म्हणजे परतीची वेळ एका अर्थी पुढच्या हिवाळ्यापासून उलट मोजलेली असते.

चढणही सारखी नाही. तिबेटकडून येणारा पक्षी आधीच चार हजार मीटरांच्या आसपास उंचीवर असतो. परतताना मात्र सखल मैदानातून वर चढावं लागतं, आणि काही पक्षी ही चढण सात-आठ तासांत संपवतात. त्यासाठी ते बहुतेकदा रात्र किंवा पहाट निवडतात, कारण थंड हवा दाट असते; पंखांना आधार मिळतो आणि श्वासाला प्राणवायू. त्यांचं हिमोग्लोबिनही विरळ हवेतून प्राणवायू चांगला धरतं. पाठीवर यंत्र लावून केलेल्या अभ्यासात एक पक्षी ७,२९० मीटरांवर नोंदला गेला. बहुतेक वेळा मात्र ते दऱ्याखिंडी धरून खालूनच जातात.

म्हणून फेब्रुवारीत भिगवणला गेलात, तर फोटोसाठी बोट थव्याच्या अंगावर नेऊ नका. उगाच उडवलेला थवा हिमालयासाठी साठवलेली शिदोरी आपल्यासमोरच खर्च करत असतो.